कुडाळच्या बाजारातील माटवीवाल्या मावशींस

मावशी,
सादर नमस्कार.

त्या गडबडीत तुमचे नाव विचारायचे राहिले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. तुमच्या गावच्या किंवा बाजारात तुमच्या शेजारी बसणाऱ्या कोणाच्या दृष्टीस ते पडले, तर त्यांनी कृपा करून तुम्हांला वाचून दाखवावे. हरताळकेच्या दिवशी निळ्या ताडपत्रीखाली तुम्ही, गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी बांधायच्या माटवीचे सामान मांडून बसला होता आणि तुमच्या शेजारी पोत्यावर आमचे अण्णा बसले होते, एवढी खूण तुम्हांला पुरेल.

शहरात खरेदीचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो; आपल्याकडे तो चतुर्थीलाच सुरू होतो. भातलावणी आटोपलेली असते, नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात आणि ६० दिवस आधी आरक्षण उघडताच रेल्वेच्या तिकिटांसाठी झटलेले (व बहुधा न मिळाल्याने एसटीने आलेले) चाकरमानी घराघरांत उतरू लागतात. आमच्या मूळ घरीही चार भावांची कुटुंबे एका गणपतीसाठी जमतात. वर्षभर एकमेकांची विचारपूस न करणारी माणसे या दिवसांत एका पंगतीला बसतात, आणि मग नव्या सुनेने गौरीला वाहायच्या ओवशाची सुपे, मुलांचे कपडे, कापूर, उदबत्त्या, नारळ हे सारे आणायला सगळे घर एकाच दिवशी बाजारात लोटते.

अण्णांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांना घरी ठेवावे असे काहींचे मत होते, परंतु माटवीचे सामान आयुष्यभर त्यांनीच निवडून आणले असल्यामुळे आम्ही त्यांना बरोबर घेतले. ज्या कापडदुकानात आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या खरेदी करत आले आहे, तेथे ते एका स्टुलावर बसले होते. आम्ही काउंटरवर गुंतलेलो असताना तेथील नोकराने 'आजोबा, गिऱ्हाइकाला जागा द्या' म्हणून त्यांना उठवले आणि ते निमूटपणे पावसात बाहेर पडले. त्या दुकानात अण्णांनी माझ्या लग्नाचा बस्ता बांधला होता. मालक गल्ल्यावरून सारे पाहत होते. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवले आणि पुढचे बिल करायला घेतले. दुसऱ्या एका ठिकाणी, जेथे मदत मागावी अशीच अपेक्षा असते, तेथे 'एवढ्या गर्दीत कोण कोणाला शोधणार' असे उत्तर मिळाले. ज्याने ते दिले, त्याच्या घरीही दुसऱ्या दिवशी गणपती बसणारच होता.

तुम्ही अण्णांना कसे ओळखले, हे मला अजून उमगलेले नाही. भिजलेला, भांबावलेला म्हातारा समोर उभा राहिला की माणसे आधी नाव विचारतात, गाव विचारतात, आणि ज्याला ते आठवत नाही तो आणखी बावरतो. तुम्ही काहीच विचारले नाही. तुम्ही त्यांना पोत्यावर जागा दिली आणि तेरड्याच्या जुड्या बांधायला दिल्या. आम्ही धापा टाकत पोहोचलो तेव्हा कवंडळे, हरणाची फुले, शेरवाडाची पांढरी पाने आणि सुपारीचे घोस यांच्या मधोमध अण्णा शांतपणे गाठी मारत बसले होते. या आजारात नावे आणि तारखा आधी हरवतात, पण हाताला जडलेले काम पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. डॉक्टरांनी हे आम्हांला सांगितले होते, तरी घरात आम्ही त्यांच्या हाती कधी काही दिले नव्हते, कारण दिलेले परत नीट करत बसायला आम्हांला वेळ नसे.

तरीही सर्वांत मोठे ऋण त्यानंतरच्या एका वाक्याचे आहे. माझा धाकटा दीर घाबरलेला होता, आणि घाबरलेली माणसे बोलतात तसा तो भर बाजारात अण्णांवर ओरडणार होता. त्याचे तोंड उघडण्याआधीच तुम्ही म्हणालात, "तेंका काय बोलू नकात. माका माणूस होयो होतो, म्हणान मीच बसवन घेतलंय." दीर गप्प झाला. अण्णांनी वर पाहिले आणि हातातली जुडी पुरी होईपर्यंत आम्हांला थांबायला लावले. हरवलेला म्हातारा शोधायला आलेलो आम्ही, कामात असलेल्या माणसाची वाट पाहत उभे राहिलो. सणाच्या आदल्या दिवशीची दुपार, म्हणजे तुमच्यासारखीच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा. समोर गिऱ्हाईक खोळंबलेले, वर पाऊस, आणि तशात एका परक्या माणसाची अब्रू राखण्याचे तुम्हांला सुचले. सभ्यपणा शिकलेल्या, स्थिरावलेल्या लोकांकडे असतो असे आपण उगीचच धरून चालतो. मला तो त्या दिवशी पंख्याखालच्या गादीवर दिसला नाही, चिखलात मांडलेल्या टोपल्यांमागे दिसला.

त्या रात्री माटवी बांधताना पुतण्याने केवणीच्या सालीचा दोर अण्णांच्या हाती दिला. एरवी त्यांच्यादेखतच त्यांच्याविषयी 'यांना झोपवा आता' असे बोलणारी आमची मंडळी, कोणती गाठ कशी मारायची हे त्यांना विचारत होती. सगळ्याच गाठी जमल्या नाहीत. दोन नारळ आरतीच्या वेळी खाली आले आणि मोठ्या काकांचे डोके थोडक्यात वाचले. पंगतीत अण्णांनी सर्वांना सांगितले की आज बाजारात काम होते, म्हणून जेवायला उशीर झाला.

आता हिशेबाचे. आमच्या घाईत आणि तुमच्या 'राहूं दे'मध्ये माटवीच्या सामानाचे पूर्ण पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते आमच्याकडे बाकी आहेत. अण्णांचे म्हणणे मात्र असे, की त्यांची मजुरी तुमच्याकडे बाकी आहे, आणि ते ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. नरकचतुर्दशीला पायाखाली फोडायची कारिटे आम्ही तुमच्याकडूनच घेणार आहोत. तेव्हा अण्णांना बरोबर आणू. पैसे माझ्याकडून मोजून घ्यावेत, आणि मजुरीचे काय ते तुम्ही दोघांनी ठरवावे.

आपली,
अण्णांची थोरली सून