फोटोतला तो चिराग होता

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या क्रीडापानावर फोटो बॅडमिंटनपटू चिराग शेट्टीचा आणि खाली नाव त्याचा दुहेरीतला जोडीदार सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याचं, असा प्रकार झाला आहे. शनिवारी रात्री पान लावायच्या घाईत असं होतं, हे समजू शकतो. पण त्यावरून आमच्या बॅडमिंटन हॉलवर आधी हशा झाला आणि मग बरीच वादावादी, म्हणून हे पत्र. मी गोरेगावचा, बँकेतून निवृत्त झालेला. गेली बावीस वर्षं सकाळी सव्वासहाला दुहेरी खेळतो, एवढाच माझा अधिकार.

दुहेरीत दोघांच्या बरोब्बर मधे शटल येतं आणि दोघेही ‘तुझं’ म्हणून सोडून देतात. ते जमिनीवर पडलं की माझा पार्टनर छताकडे बघतो आणि मी रॅकेटच्या तारांकडे. बावीस वर्षांत या मधल्या शटलबाबत आमचं एकमत झालेलं नाही. म्हणूनच सात्त्विक-चिराग खेळताना मी स्मॅश कमी आणि त्या दोघांमधली जागा जास्त बघतो.

सात्त्विक अमलापुरमचा, चिराग आमच्याच गोरेगावात उदय पवार यांच्याकडे शिकलेला. दोघेही उंच, दोघांनाही मागून ठोकायची सवय. अशा दोघांची जोडी कोणी लावत नाही, कारण मग नेटवर जाणार कोण? मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी ती लावली, आणि पुढे बहुतेक वेळा चिराग गेला. मागून मारणाऱ्याला नेटवर उभं राहायला शिकवणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने जेवायला लावण्यासारखं आहे. तिथे दोन-अडीच हातांवरून शटल अंगावर येतं. रॅकेट खाली गेली की संपलं. ती सतत छातीसमोर हवी. सर्व्हिस नेटला चिकटून गेली पाहिजे, परतीचा फटका मधेच कापला पाहिजे, म्हणजे समोरच्याला नाइलाजाने शटल वर उचलावं लागतं. ते वर उचललेलं शटल सात्त्विक मारतो आणि पेपरात त्याचा फोटो येतो. (या वेळी उलटं झालं, हा काव्यगत न्याय म्हणायचा का?)

सात्त्विकचा ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश आता शाळेच्या प्रश्नमंजूषेतही असतो. तो विक्रम जपानमधल्या चाचणीत मोजलेला आहे, सामन्यात नव्हे. त्याच्या ताकदीबद्दल शंका नाहीच. पण सामन्यात आधी शटल वर यावं लागतं, आणि ते कोण आणतं हे कुठल्याच प्रश्नमंजूषेत विचारत नाहीत.

दुहेरीच्या बातम्या आपण दोन ओळींत उरकता. टोकियो ऑलिंपिकचंच बघा. पहिल्याच सामन्यात या दोघांनी तैवानच्या ली यांग-वांग ची-लिन जोडीला हरवलं, शेवटचा गेम २७-२५. गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले आणि गेमच्या फरकाच्या हिशेबात आपली जोडी बाहेर पडली. ली-वांग पुढे जाऊन सुवर्णपदक घेऊन आले! एकेरीत असं झालं असतं तर आपण अग्रलेख लिहिला असता.

आणि २०२२ चा थॉमस करंडक, म्हणजे पुरुष संघांची जागतिक स्पर्धा. बँकॉकला अंतिम फेरीत इंडोनेशियाच्या अहसान-सुकामुल्जोसमोर पहिला गेम गेलेला, दुसऱ्यात मॅच पॉइंट समोरच्यांकडे. तिथून २३-२१, २१-१९. मी त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्यात मोबाइल मांडीवर ठेवून बसलो होतो आणि बायकोने दोनदा चिमटा काढला. त्यानंतर एकेरीत किदंबी श्रीकांत जिंकला आणि भारताने तो करंडक पहिल्यांदा उचलला. त्या संघात महाराष्ट्राचा एकटा चिराग होता.

दोन वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, विधान भवनात टी-२० विश्वविजेत्या संघातल्या मुंबईकरांचा सत्कार झाला, संघाला ११ कोटी जाहीर झाले. तेव्हा चिराग बोलला, थॉमस करंडक म्हणजे आमचा विश्वचषकच, मग आमचा साधा सत्कारही का नाही? काहींना ते आगाऊपणाचं वाटलं. मला ते उशिराच वाटलं. क्रिकेटवर माझा राग नाही, मीही वानखेडेच्या रांगेत उभा राहिलेलो आहे.

पैशांचंही ऐका. २०२३ ची इंडोनेशिया ओपन सात्त्विक-चिरागने जिंकली, त्याआधी ज्यांच्याकडून आठ वेळा हरले होते त्या मलेशियाच्या चिया-सो जोडीला हरवून. बक्षीस जोडीला मिळून ९२,५०० डॉलर. एकेरीचा विजेता एकटा ८७,५०० घेऊन गेला. म्हणजे दुहेरीवाल्याच्या हाती जेमतेम निम्मं. शिवाय एकाचा खांदा दुखला की दुसऱ्याचीही सुट्टी. २०२४ च्या एप्रिलमध्ये तसंच झालं, सात्त्विकच्या खांद्यामुळे आशियाई विजेतेपद राखायला दोघेही उतरू शकले नाहीत.

हांगझोऊचं सुवर्ण, बॅडमिंटनमधलं भारताचं आशियाई क्रीडा स्पर्धेतलं पहिलं, आणि त्यापाठोपाठ जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक, हे आपण छापलंत, त्याबद्दल आभार. पॅरिस ऑलिंपिकला उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा तेच चिया-सो आडवे आले. पहिला गेम २१-१३ ने घेऊन पुढचे दोन गेले. त्या रात्री मी जेवलो नाही, यावर घरात अजून टोमणे बसतात.

जाता जाता: २०११ साली जागतिक स्पर्धेत दुहेरीचं ब्राँझ आणणाऱ्या जोडीतली ज्वाला गुट्टा वर्ध्यात जन्मलेली. हे आमच्या हॉलवर दहापैकी एकालाच माहीत होतं, आणि तो वर्ध्याचा होता.

पुढच्या वेळी फोटो निवडताना एक खूण देऊन ठेवतो. हवेत उडालेला दिसला तर बहुधा सात्त्विक. रॅकेट छातीसमोर धरून नेटकडे झुकलेला दिसला तर चिराग.

कळावे,
एक जुना वाचक, गोरेगाव (पश्चिम)