‘एसटीवाले हात वर करा’

संपादक महोदय,

उन्हामुळे आमच्या विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. उघडल्या की पहिल्याच आठवड्यात अनुसूचित जमातीच्या मुलांना उद्देशून एक वाक्य ऐकू येतं: “एसटीवाले हात वर करा.” केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांत ३१ वर्षं जिल्हा परिषदेची नोकरी केली, तेव्हा हे वाक्य मीही म्हणत होतो. कधी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, कधी गणवेशासाठी. गणवेशाचा नियमच तेव्हा असा होता की मुली सगळ्या, पण मुलांमध्ये फक्त अनुसूचित जाती-जमातीचे आणि दारिद्र्यरेषेखालचे. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी पाच-सहा पोरं उभी राहायची आणि बाकीचा वर्ग मागे वळून बघायचा.

त्यातला एक तिसरीत होता. वर्गात गप्प. मी त्याला मागच्या भिंतीशी बसवला, हळूहळू प्रश्न विचारणंही सोडलं. घरी कोलामी बोलणारं पोर ‘हातचा’ म्हटल्यावर काय समजत असेल, हे कधी मनातच आलं नाही. वर्णनात्मक नोंदीत लिहिलं, ‘गणितात रस नाही’. तेही छापील पुस्तिकेतून उतरवलेलं! त्याची माय एकदा शाळेत आली होती. “गुरुजी, घरी तं लय बोलते थो. इथंच कावून मुका होते?” मी हसून वेळ मारून नेली.

निवृत्तीनंतर एका प्रयोगाविषयी वाचलं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. ३२१ मुलं वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींतली, ३२१ खालच्या. जात उच्चारली नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं बरोबरीनं सोडवत होती. सगळ्यांसमोर जात पुकारली, तिथं खालच्या जातींतली मुलं मागे पडली. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. मी त्यानंतरही कितीतरी वर्षं हात वर करायला लावत होतो.

माझं मागणं साधं आहे. मुलाची जात दाखलखारीज रजिस्टरात लिहिलेलीच असते. मुख्याध्यापकांनी तिथून यादी काढावी, कागद कमी असेल तर पालकाला ऑफिसात बोलवावं. ऑनलाइन माहिती भरता भरता वेळ कुठला, असं माझे शिक्षकबंधू म्हणतील. अर्ध्या तासाचं काम आहे, मला माहीत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांना मानसिक त्रास द्यायला मनाई केली आहे. हा त्रास त्यात धरायचा की नाही, ते शिक्षणाधिकाऱ्यांनी एका परिपत्रकानं सांगून टाकावं.

तो मुलगा सातवीनंतर शाळेत आला नाही. गेल्या हंगामात कापूस घेऊन गेलो, तर काट्यावर तोच. क्विंटल-किलोचा हिशेब, कट्टी (व्यापारी वजनातून कापतो ती घट) वजा करून, त्यानं कागद न घेता सांगितला. मी मोबाइल काढून पडताळून पाहिला. बरोबर होता. तो माझ्याकडे बघत होता.

– एक निवृत्त शिक्षक, ता. केळापूर, जि. यवतमाळ