मंग्याला, परसातल्या सफरचंदाबद्दल

गुहागर

प्रिय मंग्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, परत ऐकावा लागला कारण मागे लोकलचा एवढा आवाज की निम्मं कळेना. परसातली सफरचंद-नासपतीची झाडं माणसाएवढी झाली, फूल एक नाही, मग हापूसाला घालतात तसं कल्टार, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणायचं औषध, घालू का, असं विचारतोयस ना? नको घालूस. का ते फोनवर सांगायला बसलो तर तू मधेच "बरं बरं" करून ठेवून देशील, म्हणून लिहितोय, निवांत वाच.

परवा तुझ्या घरी जाऊन आलो. काकींनी घावणे खायला घातले (तुझ्या तब्येतीची चौकशी माझ्याकडे केली, तू फोन करत नाहीस वाटतं), मग दोघं परसात गेलो. आधी नासपतीचं सांगतो कारण ते झटपट संपणारं आहे. ती जी सरळसोट वर गेलेली काठी बघून तू खूश होतोस ना, ती नासपती नाहीच. खाली बसून बुंध्याची माती बाजूला केली तर कलमाचा जोड दिसला आणि ही फूट जोडाच्या खालून आलेली, अंगावर काटे, पानं बारीक. उत्तरेकडे नासपतीचं कलम बऱ्याचदा कैंथवर बांधतात, म्हणजे तिकडची रानटी नासपती, हे खुंटरोप तेच असणार. वरची खरी फांदी बिचारी करंगळीएवढी राहिलीय, सगळं पाणी हा खालचा खातोय. मी ती फूट मुळापासून ओढून काढली, नुसती कापली असती तर परत आली असती. आता वरची जगली तर बघू. पण नासपतीवर फार जीव लावू नकोस, ती जात मुळात सावकाश धरणारी, आणि पंजाबात कमी थंडीत येणारी पत्थरनाख आहे खरी, पण तिलाही थोडी का होईना थंडी लागतेच.

आता सफरचंद. तुझ्या रोपाच्या लेबलवर जात म्हणून अ‍ॅना लिहिलंय, ते खरं असेल तर नशीब तुझं. शिमल्याकडच्या नेहमीच्या सफरचंदांना ७ अंशाच्या खालची थंडी हजारएक तास मिळावी लागते, तरच डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, नीट फुटतात. अ‍ॅना इस्रायलची, तिला २००-३०० तास पुरतात. आणि आपल्याकडे? किनाऱ्यावर पारा १५ च्या खाली गेला तर लोक शेकोटी पेटवून स्टेटस टाकतात. आंब्याला तेवढा गारवा मोहोरायला चालतो, सफरचंदाला नाही चालत. मग झाड झोपतच नाही, वर्षभर अर्धवट जागं, शेंड्याला चार पानं फुटत राहतात आणि खालचे डोळे गप्प, तुझ्या झाडाचं अगदी हेच झालंय.

पण यावर एक उपाय आहे आणि तो ऐकीव नाही. इंडोनेशियात जावा बेटावर बाटू म्हणून गाव आहे, विषुववृत्ताजवळ, तिथे सफरचंदाच्या बागा आहेत आणि वर्षाला दोन पिकं घेतात. फळं काढून झाली की महिन्याभराने झाडाची सगळी पानं हाताने काढून टाकतात. पान असतं तोवर ते बगलेतल्या डोळ्याला दाबून ठेवतं, झाड गाढ झोपायच्या आत पान काढलं की डोळा थंडीशिवाय फुटतो. अर्थात बाटू डोंगरावर आहे, हजार मीटरच्या आसपास, आपण समुद्राच्या कडेला, तेव्हा आशा जरा हात राखूनच ठेव. करायचं असं की आता डिसेंबरात दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं, मग पानं काढायची, पण ओरबाडून नाही हां, कात्रीने नुसतं पातं कापायचं, देठ तसाच ठेवायचा, तो काही दिवसांनी आपसूक गळतो आणि डोळ्याला इजा होत नाही. त्यानंतर भरपूर पाणी. नाशिकचे द्राक्षवाले डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते तुला यूट्यूबवर कोणीतरी सांगेलच, पण ते विषारी काम आहे, परसात काकी कढीपत्ता तोडतात तिथे ते नकोच.

कल्टार का नको ते आता. ते झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, अडवतं म्हणून वाढ थांबते. मोठ्या, धरत्या हापूसाला ते ठीक, तुझ्या झाडाचा अजून सांगाडाच व्हायचाय, तिथेच खुंटलं तर काय करशील? जोर मोडायचाच असेल तर फांद्या वाकव. उभ्या फांदीत सगळा जोर शेंड्याकडे धावतो, तिरकी केली की तोच जोर बाजूच्या डोळ्यांत वाटला जातो आणि तिथे आखूड, जाडसर, सुरकुतलेल्या फुटी येतात, बोटाच्या पेराएवढ्या. फुलं मुख्यतः त्याच फुटींवर येतात, म्हणून त्या दिसल्या की हात लावू नकोस. मी तुझ्या तीन फांद्यांना सुंभ बांधून खाली चिऱ्याचे तुकडे लटकवलेत, अंगण आता वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठीसारखं दिसतंय, काकी हसत होत्या. शेंडे छाटायचे नाहीत, छाटलंस तर परत चार उभ्या काठ्या येतील आणि फळ अजून पुढे जाईल.

आणि काकी रोज मासळी धुतलेलं पाणी तिथेच ओततात, वर शेणखत वेगळं. पानं काळीभोर झालीत ती त्यामुळेच, नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, तू सांग, तुझं ऐकतील. पावसाळ्यात मुळाशी पाणी उभं राहतं ते मात्र जास्त धोक्याचं, मेच्या आत बुंध्याभोवती माती चढवून उंचवटा करू आणि पाण्याला वाट काढू, फक्त जोड मातीत गाडला जाता कामा नये.

दुसरं रोप आणायलाच हवं. सफरचंदाला बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा पराग लागतो, एकटी अ‍ॅना फुलली तरी फळं तुरळकच धरेल. तिच्या जोडीला डॉर्सेट गोल्डन लावतात, बहामा बेटांवरची जात, दोन्ही साधारण एकाच वेळी फुलतात. ती नाही मिळाली तर एचआरएमएन-९९ बघ, हिमाचलात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेली, त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली त्याच कामासाठी. पण घेताना जोड बघून घे, काटे बघून घे, आणि बियांपासून केलेलं रोप कोणी फुकट दिलं तरी आणू नकोस, त्याला फळ यायला सहा-आठ वर्षं सहज लागतात आणि ते कसलं निघेल देव जाणे.

यंदा फूल आलंच तर एका घोसातलं एकच फळ ठेवू, मधल्या फुलाचं, बाकी खुडायची. हापूसाच्या नव्या कलमाचा मोहोर आपण पहिली तीन-चार वर्षं खुडतोच ना, तुझे आजोबा खुडायचे तेव्हा आपण किती हळहळायचो. अ‍ॅना तीन-साडेतीन महिन्यांत तयार होते, म्हणजे पाऊस यायच्या आत हातात. त्याआधी वानरांनी नेलं तर त्याला माझ्याकडे औषध नाही, त्या खात्याच्या मालक काकी, त्यांच्याकडे गोफण आहे आणि नेम माझ्यापेक्षा बरा आहे.

तुझा,
सुऱ्या