सचिवांना एक्सेलच्या सेलची साफसफाई शिकवा

संपादक महोदय,

सहकारी संस्थांच्या सचिवांना संगणक प्रशिक्षण द्या, असं एका वाचकाने आपल्या अंकात लिहिलं होतं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान दूध सोसायटीची सचिव. प्रशिक्षण मी दोनदा घेतलंय. दोन्ही वेळा रकान्यांना रंग द्यायला शिकले आणि भाजी-पाव खाऊन घरी आले. जे खरंच लागतं ते भाचीने शिकवलं. ती फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे.

गोष्ट २०२१ च्या चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि ‘एसवायएनबी’ने सुरू होणारे जुने आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचे, कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. रोज दूध घालणाऱ्यांचे कोड आम्ही वेळेत बदलले. ज्यांच्या गायी आटल्या होत्या ते यादीच्या तळाशी, ते तसेच राहिले. चवथीचा बोनस पाठवला आणि अकरा जणांचा परत आला. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) बाजाराचा दिवस, आणि माणसं माझ्या दारात. चूक माझीच होती, बँकेला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

सुट्टीत भाची आली तेव्हा तिने गूगल शीट्समध्ये एक सोय करून दिली. बी रकान्यात सभासदाचा आयएफएससी कोड. शेजारचं सूत्र तो कोड उचलतं, बँक शाखांची माहिती देणाऱ्या एका खुल्या एपीआयच्या (प्रोग्रामने विचारलं की उत्तर देणाऱ्या ऑनलाइन सेवेच्या) वेबपत्त्याला शेवटी जोडतं, विचारणा पाठवतं आणि शाखेचं नाव आणून ठेवतं. पत्ता एकच, शेपूट मात्र ओळीगणिक वेगळं: बी२, बी३, बी४. मागे ॲप्स स्क्रिप्टच्या, म्हणजे शीटमागे लिहायच्या प्रोग्रामच्या, दहा-बारा ओळी, बस्स. सूत्र खाली ओढलं आणि १४३ सभासदांच्या शाखा भराभर उमटल्या. १९ ठिकाणी मात्र ‘नॉट फाउंड’.

त्यातल्या एका काकींचा कोड मी पासबुकाशी तीनदा ताडून पाहिला. अक्षरन् अक्षर बरोबर. भाची म्हणाली, “मावशी, लेन लावून बघ.” लेन म्हणजे अक्षरं मोजणारं फंक्शन. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. उत्तर आलं १२. काकींच्या मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला कोड मी चिकटवला होता, त्याच्यामागे एक रिकामी जागा आली होती. आपल्याला ती दिसत नाही, पण पत्त्यात ती ‘टक्का वीस’ (%20) होऊन जाते आणि पलीकडच्या सर्व्हरला असा कोड सापडत नाही. ट्रिम, म्हणजे पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा काढणारं फंक्शन, लावल्यावर बहुतेक सुटले. काही हटेनात. त्यातले दोन वेबपानावरून कॉपी केलेले. त्यातली जागा साधी स्पेस नसून १६० क्रमांकाचं वेगळंच अक्षर असतं, ट्रिम त्याला हात लावत नाही. ते सब्स्टिट्यूटने, म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या फंक्शनने, काढावं लागलं. उरलेल्यांत शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’. कोडचं पाचवं अक्षर नेहमी शून्यच असतं, हे मला वीस वर्षं हिशेब लिहून माहीत नव्हतं!

खाते क्रमांकांची तऱ्हा वेगळी. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच नेमकं धरतं. सोळा आकडी क्रमांक टाकला की शेवटचा आकडा गुपचूप शून्य. सेल, म्हणजे तक्त्यातला चौकोन, आधी टेक्स्ट करून मगच भरायचा.

कुणीतरी सुचवलं, खाते क्रमांकही असाच पाठवून तपासा. मी नाही म्हटलं. पत्त्यात घातलेलं सगळं समोरच्या सर्व्हरच्या नोंदीत राहू शकतं. आयएफएससी चेकबुकावर छापलेलाच असतो, तो गेला तर गेला. सभासदाचा खाते क्रमांक, आधार, मोबाईल परक्या पत्त्याला का जोडावा? एका सोसायटीत तर मी विकतच्या एपीआयची चावी (पासवर्डसारखा गुप्त शब्द) ए१ मध्ये उघडी लिहिलेली पाहिली, आणि ती शीट अख्ख्या संचालक मंडळाला शेअर केलेली.

तेव्हा पुढच्या प्रशिक्षणात रंगांचा तास कमी करून हा एक तास ठेवावा: सेलमध्ये खरंच काय आहे ते कसं पाहायचं, आणि त्यातलं काय बाहेर पाठवायचं नाही. अर्जाच्या नमुन्यांवरही आयएफएससीसाठी नुसती रेघ नको, अकरा चौकोन हवेत. आम्ही यंदा तसा अर्ज छापून घेतलाय. पाचव्या चौकोनात शून्य आधीच छापून ठेवलंय.

– एक सचिव, सत्तरी