मंडळीला तयार कर, बेटा

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात तुला आणि सूनबाईला सप्रेम सलाम.

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. सकाळी दोन गावांत उपासना, दुपारी एका घरी प्रार्थना, संध्याकाळी तरुण संघ, त्यात अर्पणाचा हिशोबही तूच लिहिलास आणि शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांना गाणंही तूच शिकवलंस. शेवटी म्हणालास, "पप्पा, सगळं मीच करतोय, पण मंडळी खूश आहे." मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, खूश असणारच. तरुण पाळक धावतोय, आजाऱ्याच्या घरी रात्री-अपरात्री जातोय, कोणाला आवडणार नाही? पण ते "सगळं मीच" माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी इतकी वर्षं मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळात काढली. आपल्या मंडळीत किती पाळकसाहेब आले आणि बदलून गेले ते मी जवळून पाहिलंय. त्यातल्या दोघांबद्दल तुला सांगायचंय. नावं घेत नाही, तुला कळतील.

एकांचा संदेश ऐकायला शेजारच्या गावांतून माणसं यायची. आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचायचा. उपासना तेच चालवायचे, शास्त्रपाठ तेच वाचायचे, पेटीवरही तेच बसायचे आणि नाताळचं नाटकही तेच बसवायचे. मनापासून करायचे, त्यात खोट नव्हती. त्यांची बदली झाली आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत शब्बाथ शाळा बंद पडली. महिला मंडळाची सभा कोणी घ्यायची यावर नुसतीच बोलाबोली झाली. माणसं तीच होती, विश्वास तोच होता, पण काम कसं करायचं हे कोणाला शिकवलेलंच नव्हतं.

दुसरे पाळकसाहेब संदेश साधा द्यायचे. कधी कधी लांबवायचेही. पण ते गेल्यावर बरेच महिने आपल्याला पाळक मिळाला नाही, तरी एकही रविवार उपासनेवाचून गेला नाही. तू तेव्हा लहान होतास. तुला ती खुरपणीला जाणारी मावशी आठवते का, पुढून तिसऱ्या बाकावर बसायची ती? प्रौढ साक्षरतेच्या वर्गात उतारवयात वाचायला शिकली होती. पाळकसाहेबांनी एका सोमवारी तिच्या हातात वहीचं पान दिलं. त्यावर स्तोत्र १२१ मोठ्या अक्षरांत स्वतः लिहून काढलं होतं. गुरुवारी दिवेलागणीला तिला चर्चमध्ये बोलावलं. मी किल्ली घेऊन गेलो होतो म्हणून पाहिलं. मावशी पुलपिटाशी उभी, बोट ओळीखाली, आणि साहेब पार शेवटच्या बाकावर जाऊन बसलेले. ती वाचायची आणि ते तिथून म्हणायचे, "मावशी, इथवर येऊ द्या." मग ती पुन्हा पहिल्यापासून. एका शब्दाला ती अडायची, तिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारून दिली, की इथे श्वास घ्या. चांगला तासभर हे चाललं. रविवारी तिने ते स्तोत्र वाचलं तेव्हा तिचा हात थरथरत होता, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला. पुढे पाळक नसताना तिच्या वस्तीवरची बुधवारची प्रार्थना हीच बाई चालवायची.

मला तुला नेमकं हेच सांगायचंय. पाळकाने स्वतः किती काम केलं यापेक्षा त्याच्या हाताखाली किती माणसं काम करायला शिकली, हे मी मोठं मानतो. हे माझ्या पदरचं नाही. प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय तू सेमिनरीत, पाळकांच्या शाळेत, मूळ भाषेतून वाचला आहेस. प्रभूने पाळक आणि शिक्षक दिले ते पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी सिद्ध करायला, असं पौल तिथे म्हणतो. म्हणजे सेवा करायची ती मंडळीने. तुझी नेमणूक त्यांना सिद्ध करायला आहे. हे लक्षात न घेता पाळक राबतो, तेव्हा तो थकतो आणि मंडळी प्रेक्षक होऊन बसते.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याचंच बघ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे करत बसायचा. सासऱ्याने, इथ्रोने, ते पाहिलं आणि तोंडावर सांगितलं की हे बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला लावले. त्यातलं एक बारकं माझ्या मनात कायम राहिलंय. नुसते नेम असं इथ्रो म्हणत नाही, आधी लोकांना विधी आणि नियम शिकव असंही म्हणतो. आपल्याकडे उलटं होतं. कमिटीच्या सभेत एखाद्याला उभं करून "आजपासून शब्बाथ शाळा तुमच्याकडे" म्हणतात, टाळ्या होतात, आणि त्या बिचाऱ्याला पुढच्या रविवारी पोरांसमोर काय बोलायचं ते माहीत नसतं. तो दोन महिन्यांत सोडतो. मग आपणच म्हणतो की लोक जबाबदारी घेत नाहीत.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आधी धर. शनिवारी संध्याकाळी तासभर बसा. उद्याचा धडा तू त्यांना शिकव, मग त्यांच्यातल्या एकाला तोच धडा बाकीच्यांसमोर शिकवायला लाव. चुकला तर तिथेच प्रेमाने दुरुस्त कर. रविवारी मात्र वर्गात शिरून मधे बोलू नकोस. पोरांसमोर शिक्षकाची चूक काढलीस तर तो शिक्षक गेलाच म्हणून समज.

पौलाच्या काळातल्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी अपुल्लोस नावाच्या उपदेशकाला असंच सांभाळलं. तो वक्ता मोठा, शास्त्रात तरबेज, पण त्याला बाप्तिस्मा ठाऊक होता तो फक्त योहानाचा. या दोघांनी सभास्थानात त्याला अडवलं नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग नीट समजावून दिला. ती दोघं पाळक नव्हती, राहुट्या शिवून पोट भरणारी नवरा-बायको होती. तुझ्या मंडळीतही अशी जोडपी असतील. ती पुढे येऊन बोलणार नाहीत, तुलाच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागेल.

आणि साध्या कामाला कमी लेखू नकोस. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितलं, त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि त्यांच्यावर हात ठेवले. जेवणाच्या वाटणीसाठी निवडलेला त्यातला फिलिप्प पुढे शोमरोनात सुवार्ता सांगताना दिसतो. आज सतरंज्या टाकणारा पोरगा उद्या काय करील हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं केडगाव बघ. दौंडकडचं केडगाव, आपल्या नगरचं नव्हे. सूनबाईला घेऊन एकदा मुक्ती मिशनला जाऊन ये. दुष्काळात उपाशी, टाकलेल्या मुली आणि विधवा त्यांनी तिथे आणल्या. त्यांना दोन घास आणि छप्पर दिलं असतं तरी जगाने रमाबाईंना मोठंच म्हटलं असतं. त्या तिथे थांबल्या नाहीत. मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली. १९०५ सालच्या सुरुवातीला त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना हाक दिली, सत्तरएक जणी पुढे आल्या आणि हा आकडा वाढतच गेला. त्याच वर्षी तिथे मोठी आत्मिक जागृती झाली आणि त्यानंतर मुलींचे जथे आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या त्याआधी ते काम त्यांनी पुरं केलं होतं. आणि ते छापलं कोणी? मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून. एके काळी ज्यांना अक्षर ठाऊक नव्हतं अशा हातांनी देवाचं वचन छापलं. सिद्ध करणं म्हणतात ते हे. तुझ्या मंडळीतल्या कोणाला "हिला काय जमणार" असं म्हणायची पाळी आली तर आधी केडगाव आठव.

आपल्या नगरकडे अमेरिकन मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या टिकल्या त्या मात्र आपल्याच माणसांवर. आठवडाभर शाळा चालवून रविवारी उपासना घेणारे मास्तर होते. वस्त्यांवर पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया होत्या. तुझे पणजोबा त्या मास्तरांपैकीच. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभूभोजनाला आले तर आले, बाकीचे रविवार मास्तरांच्या अंगावर.

आता तुझ्या गावाबद्दल. तिथली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तू दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीसमोर विश्वास कबूल करण्याआधीच्या तयारीचा, वर्ग नाताळानंतर ठेवायचं म्हणालास. तेव्हा तुझी अर्धी पोरं सांगली-कोल्हापूरकडे कुठल्यातरी कारखान्यावर, आईबापाबरोबर कोपीत असतील. वर्ग पावसाळ्यात घे. शिवाय प्रत्येक टोळीतलं एखादं जोडपं हेर आणि निघायच्या आधी त्यांना तयार कर. उपासनेचा साधा क्रम, प्रत्येकाला पाठ असलेली पाच-सहा गीतं, रविवारी वाचायचे उतारे, आजाऱ्यासाठी आणि बाळंतिणीसाठी कशी प्रार्थना करायची, एवढं त्यांना येऊ दे. वाचता येत नसेल तर उतारे मोबाइलवर तुझ्या आवाजात भरून दे. फडावरून रात्री आलेली माणसं दमलेली असतात, म्हणून पाऊण तासाची उपासना सांगू नकोस. एक गीत, एक उतारा, एक प्रार्थना पुरे. तू कारखान्यावर जाऊन भेट दे, जरूर दे, पण तू जाशील एखाद-दोन वेळा. तिथे सहा महिने मंडळी सांभाळणार ते हेच जोडपं. त्यांना निघायच्या आधीच्या रविवारी पुढे बोलाव, सगळ्या मंडळीकडून त्यांच्यासाठी प्रार्थना करून घे. आपण नुसते मजुरीला चाललो नाही, मंडळीने पाठवलेले चाललो आहोत, हे त्यांच्या मनात राहू दे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. अर्पण तू मोजू नकोस. दोघांनी मिळून मोजायचं, दोघांच्या सह्या, आणि महिन्याचा जमाखर्च मंडळीत वाचून दाखवायचा. खजिनदाराला वही लिहिता येत नसेल तर शिकव, पण वही त्याच्याच हातात राहू दे.

कौतुक करताना नेमकं कर. "फार छान" म्हटलेलं माणूस घरी पोचेपर्यंत विसरतो. "तुम्ही त्या आजोबांचा हात धरून प्रार्थना केलीत, त्यांना बरं वाटलं," असं म्हटलेलं तो वर्षभर धरून ठेवतो. चुकीचं मात्र एकट्याला गाठून, आणि त्याच दिवशी नाही. पौलाचा सोबती बर्णबा याने मार्काला सोडलं नाही हे ध्यानात ठेव. सुवार्तेच्या पहिल्या फेरीत मार्क मधूनच परत गेला म्हणून पौलाने त्याला दुसऱ्यांदा न्यायचं नाकारलं. बर्णबाने त्याला बरोबर घेतलं. पुढे तोच पौल तुरुंगातून लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. तुझ्याकडेही मधूनच सोडून गेलेले असतील. त्यांच्या घरी जा, आणि जाताना कामाचा विषय काढू नकोस.

सूनबाईबद्दल एक. पाळकाची बायको म्हणून महिला मंडळाची अध्यक्षता तिच्या गळ्यात पडेल, सगळीकडे तसंच होतं. तिला शाळेची नोकरी आहे. तिच्या मनात असेल तेवढंच तिने करावं, आणि अध्यक्षीण मंडळीतल्या बायकांनी त्यांच्यातून निवडावी. तुझी आईही हेच म्हणते, आणि तिचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त ऐक.

तुझ्यासाठी सकाळचा वेळ राख. संदेशाची तयारी वेगळी आणि स्वतःसाठी वाचणं वेगळं. आठवड्यातला एक दिवस फोन बाजूला ठेव आणि मंडळीला तो दिवस कळू दे. घसा बरा होईपर्यंत गरम पाणी पी, आईने हळद पाठवली आहे.

पोळा झाला की आम्ही दोघं येतो. रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसू. त्या दिवशी तू संदेश दे. शास्त्रपाठ मात्र मंडळीतल्या कोणाला तरी दे, आतापासूनच दे, म्हणजे सरावाला दोन गुरुवार मिळतील.

तुझे,
पप्पा