'डिअर' कोणाला म्हणावे?

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शिकवणारे जे सदर येते, त्यात गेल्या आठवड्यात माया, जिव्हाळा व आपुलकी दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी होती. 'डिअर', 'डार्लिंग', 'हनी', 'स्वीटहार्ट', 'बिलव्हेड' अशा शब्दांपुढे 'प्रिय' किंवा 'लाडका' एवढाच अर्थ दिला होता. अर्थ चुकलेला नाही. परंतु हे शब्द कोणी, कोणाला आणि कोठे वापरायचे याविषयी यादीत एक अक्षरही नव्हते. नाशिकच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवले आहे, आणि विद्यार्थ्यांची फजिती शब्दाचा अर्थ न कळल्याने होते त्यापेक्षा तो कोणाला उद्देशून वापरावा हे न कळल्याने अधिक होते, हे मी पाहत आले आहे.

माझा एक माजी विद्यार्थी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. परदेशातील पुरवठादार कंपनीच्या एका अधिकारी बाईंशी त्याचा नित्याचा पत्रव्यवहार असतो. ईमेलच्या आरंभी तो 'डिअर' लिहून पुढे बाईंचे आडनाव लिहीत असे व त्याला त्यांनी कधीही हरकत घेतली नाही. एकदा अडलेला माल बंदरातून सुटल्याचा निरोप आला, तेव्हा त्याने आनंदाच्या भरात चॅटवर 'थँक यू डिअर' असे उत्तर धाडले. बाईंनी पुढचा तपशील नेहमीप्रमाणे कळवला आणि खाली, 'कृपया मला नावाने संबोधावे', अशी एक ओळ जोडली. फोन माझ्यापुढे धरून त्याने विचारले, "बाई, पत्रात वर चालतो तोच शब्द चॅटवर का चालत नाही?"

प्रश्न रास्त होता. पत्राच्या मायन्यातील 'डिअर' हा निव्वळ रिवाज आहे. वीजबिलाची तक्रार करताना आपण अभियंत्यालाही स.न.वि.वि. लिहितो आणि त्यातला 'स' हा 'सप्रेम'चा असतो, म्हणून आपले त्या अभियंत्यावर प्रेम आहे असे कोणी समजत नाही. 'डिअर'पुढे नाव किंवा 'सर' असले की तो मायना असतो. नाव गळून तो शब्द एकटा उरला की ती जवळीक होते. इंग्रज आजी नातवाला किंवा नवरा बायकोला तसे म्हणतो. फारशी ओळख नसलेल्या व्यक्तीला तसे म्हटले तर ती सलगी वाटते, आणि म्हणणारा वयाने वा हुद्द्याने मोठा असेल तर समोरच्याला कमी लेखल्याचा वासही त्याला येतो. आपल्याकडे चॅटवर 'हाय डिअर' सर्रास चालते, त्यामुळे मुलांना यात काही वावगे आहे असे वाटतच नाही.

खुद्द इंग्रजी मुलखातही या बाबतीत एकच रीत नाही. यॉर्कशरमधील दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला 'लव्ह' म्हणतो, न्यूकॅसलकडे 'पेट' म्हणतात, नॉटिंगहॅम-डर्बीच्या भागात 'डक', तर ग्लासगोत स्त्रियांना मायेने 'हेन' म्हणतात, म्हणजे अक्षरशः कोंबडी! अमेरिकेच्या दक्षिण भागात खाणावळीत वाढणारी बाई समोरच्याला सहज 'हनी' म्हणून जाते. रविवार कारंजावरची म्हातारी भाजीवाली पन्नाशीच्या गृहस्थालाही 'काय देऊ बाळा' म्हणते, त्यातलाच हा प्रकार. मात्र बँकेच्या रोखपालाने खातेदार बाईंना 'बाळा' म्हणून पाहावे. यादीतून शब्द उचलणाऱ्याला ही स्थानिक मुभा मिळत नसते.

'डार्लिंग'च्या बाबतीत तर प्रकरण फजितीवर थांबत नाही. अंदमानातील एका मद्यधुंद इसमाने बंदोबस्तावरील महिला पोलिसाला या शब्दाने संबोधले होते. अनोळखी स्त्रीला असे म्हणणे ही लैंगिक शेरेबाजी असून तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ अ खाली तो गुन्हा ठरतो, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिला. 'डार्लिंग' म्हणजे 'लाडका' एवढेच पाठ केलेल्या तरुणाला याची कल्पना कोठून असणार?

वास्तविक ही जाण मराठी माणसाला नव्याने शिकवावी लागू नये. आईवडिलांना तीर्थरूप, त्यांच्या जागी असलेल्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव, असा काटेकोर हिशेब आमच्या पिढीला मायना घोकतानाच कळला. (ज्या नाशिकरोडला देशाची टपाल तिकिटे छापली जातात, तेथील मुलेही आता पत्रे लिहीत नाहीत, हा भाग निराळा.) राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, शब्द लवकर कानावर पडू लागले, पण त्यांच्यामागचा नात्याचा हिशेब आजही सांगितला जात नाही.

मला सुचवावेसे वाटते ते असे, की हाक मारण्याचे शब्द शिकवण्याआधी एखाद्याविषयीची माया तिसऱ्याला सांगण्याची वाक्ये शिकवावीत. 'शी इज व्हेरी डिअर टू मी' या वाक्यात तोच 'डिअर' पुऱ्या भावनेनिशी येतो आणि कोणाचाही अवमान होत नाही. मावशीविषयी 'आय ॲम फाँड ऑफ हर' म्हणता येते. त्यात ओढ आहे, पण ऊतू जाणे नाही. 'लव्ह' हे क्रियापद आईलाही चालते आणि हापूस आंब्यालाही, त्यामुळे नवशिक्याने त्याला फार भिण्याचे कारण नाही. 'हनी' व 'स्वीटहार्ट' हे मात्र घरच्यांसाठी राखून ठेवावेत, आणि यादीत तसे स्पष्ट छापावे.

पुढील रविवारी पत्राच्या शेवटी लिहायचे शब्द येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्या वेळी 'डिअर सर'ने सुरू झालेल्या पत्राखाली 'युअर्स फेथफुली', नावाने सुरू झालेल्या पत्राखाली 'युअर्स सिन्सिअरली' आणि 'युअर्स लव्हिंगली' फक्त घरच्या माणसांना, एवढे तरी शब्दांसमोर अवश्य नमूद करावे. मुख्याध्यापकांच्या नावे केलेल्या रजेच्या अर्जाखाली 'युअर्स लव्हिंगली' लिहिलेले मी माझ्या नोकरीत पुष्कळदा वाचले आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक