तिसरा परिच्छेद काढ

कराड,
रविवार, सकाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आपल्या खासदारसाहेबांच्या सभेसाठी तू लिहिलेला भाषणाचा मसुदा रात्री दोनदा वाचला. पहिले दोन परिच्छेद ठीक आहेत. तिसरा काढ. चौथा मंत्र्यांवर आहे, तो ठेव, जमलं तर आणखी धारदार कर. सविस्तर लिहितेय, कारण फोनवर तू लगेच म्हणणार, "म्हणजे लढाई चालू असताना तोंडाला कुलूपच लावायचं का?" माझं म्हणणं तसं नाही.

तिसऱ्या परिच्छेदातलं तुझं ते वाक्य समोर ठेव. "अमुक खिंडीत असलेल्या अमुक बटालियनकडे बर्फातले बूट पोचलेले नाहीत, तोफांचे गोळे जेमतेम आठ दिवसांचे आहेत आणि तिथल्या कमांडरला परिस्थितीचं भान नाही." एवढ्याशा वाक्यात तू तुकडी सांगितलीस, जागा सांगितलीस, साठा सांगितलास आणि माणसावर बोट ठेवलंस. पलीकडे बसलेल्याचं कामच हे असतं की असे तुकडे गोळा करून जुळवायचे. बटालियनचं नाव त्याला गावातल्या फ्लेक्सवरूनही मिळतं. आपल्याकडे पोरगा सुट्टीवर आला की चौकात फोटो, हुद्दा, युनिट सगळं छापून लागतं. पण ते नाव, ती खिंड आणि आठ दिवस या तिन्ही गोष्टी एका दमात, तेही खासदाराच्या तोंडून आल्या, की त्याला खातरजमा करायचीही गरज उरत नाही. खासदार बोलतो म्हणजे आतून कळलेलं असणार, असंच धरलं जातं.

जून १९४३ मधलं उदाहरण घे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या लष्करी व्यवहार समितीचे अध्यक्ष अँड्र्यू मे पॅसिफिकच्या दौऱ्यावरून परतले आणि पत्रकारांना सांगून बसले की आपल्या पाणबुड्या वाचतात, कारण जपानी लोक डेप्थ चार्ज फार कमी खोलीवर फुटतील असे लावतात. डेप्थ चार्ज म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पिंपासारखे बॉम्ब. किती खोलीवर फुटायचं ते आधी लावून ठेवावं लागतं. बातमी छापून आली. पाणबुडी दलाचे प्रमुख अॅडमिरल लॉकवुड यांचा अंदाज असा की या एका वाक्यापायी १० पाणबुड्या आणि ८०० माणसं गेली. हा आकडा सगळ्यांना मान्य नाही, पण बातमी छापायची नव्हती याबद्दल दुमत नाही. आणि गंमत बघ, हा गृहस्थ टीका करत नव्हता, कौतुक करत होता! म्हणून टीका की स्तुती हा प्रश्न मी नंतर विचारते. आधी वाक्यात तुकडी, जागा, साठा, वेळ यांतलं काही आहे का ते बघते.

कमांडरवरच्या शेवटच्या तुकड्याचं कारण वेगळं. तो माणूस तुला उत्तर देऊ शकत नाही. आर्मी अॅक्ट १९५० चं कलम २१ आणि त्याखालचे १९५४ चे नियम यांनी गणवेशातल्या माणसाला परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलायला आणि राजकारणात पडायला मनाई आहे. साहेबांना मात्र सभागृहात अनुच्छेद १०५ चं कवच आहे, तिथल्या बोलण्यावरून कोर्टात खेचता येत नाही. हात बांधलेल्या माणसाला माइकवरून मारण्यासारखं झालं हे. बरं, कमांडर खरंच चुकला असेल तर लष्कर त्याला हलवतं. १९६५ मध्ये इच्छोगिल कालव्याच्या आघाडीवर १५ डिव्हिजन मागे सरली तेव्हा पश्चिम कमांडचे प्रमुख हरबक्षसिंग यांनी डिव्हिजनचे मेजर जनरल निरंजन प्रसाद यांना ऐन लढाईत बाजूला करून मोहिंदर सिंगांना आणलं. त्यासाठी कुणाला सभा घ्यावी लागली नाही.

आणि सभा कुठे आहे ते विसरू नकोस. अपशिंगे मिलिटरीच्या शेजारी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं कामी आली. पुढच्या रांगेत छातीवर पदकं लावून माजी सैनिक बसलेले असतील, मागे बायका, ज्यांचे नवरे आत्ता वर आहेत. "कमांडरला भान नाही" हे वाक्य दहा सेकंदांच्या व्हिडिओत कापलं जाईल आणि रात्रीच्या आत त्याच चौकीवरच्या पोराच्या फोनवर पोचेल. तो बूट कुठे अडले याचा विचार करणार नाही. उद्या हुकूम आला तर मानायचा का, याचा करील.

आता दुसरी बाजू, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. युद्धात सरकारवर टीका करणं हा देशद्रोह आहे, असं कुणी स्टेजवर म्हणालं तर साहेबांनी त्याला तिथल्या तिथे खोडावं. मे १९४० मध्ये नॉर्वेत ब्रिटिशांची फजिती झाली. ७ आणि ८ मे हे दोन दिवस संसदेत चर्चा झाली, तीही हिटलर दाराशी आलेला असताना. खासदार असलेले अॅडमिरल रॉजर कीज पूर्ण गणवेशात सभागृहात आले आणि समुद्रावर लढणाऱ्यांची बाजू घेऊन लंडनमध्ये बसून निर्णय घेणाऱ्यांवर तुटून पडले. मतदानात सरकार जिंकलं, २८१ विरुद्ध २००, पण एरवी दोनशेच्या वर असणारं बहुमत ८१ वर आलं आणि १० मेला पंतप्रधान चेंबरलेन जाऊन चर्चिल आले. नौदल ज्यांच्या खात्यात होतं ते चर्चिलच, हा त्यातला विनोद. कीज यांनी बोट कुठे ठेवलं तेवढं लक्षात घे: जहाजावर नाही, कचेरीवर.

टीका फसतेही. जून १९४२ मध्ये ब्रिटिशांचं लिबियातलं टोब्रुक पडल्यावर खासदार वॉर्डलॉ-मिल्न यांनी चर्चिल सरकारवर अविश्वास ठराव आणला. सुरुवात बरी होती. मग त्यांनी राजाच्या भावाला, ड्यूक ऑफ ग्लॉस्टरला, सरसेनापती करा असं सुचवलं आणि सभागृह हसत सुटलं. ठराव ४७५ विरुद्ध २५ ने पडला. पुरवठा आणि निर्णय यांच्यावर बोलता बोलता सेनापती निवडायला गेले, तिथे घसरले.

आपल्याकडचं १९६२ तर तुला पाठ असायला हवं. ऑक्टोबर संपता संपता वाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहरूंना भेटून अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी केली. ते ८ नोव्हेंबरला सुरू झालं, लढाई चालू असताना. खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी गुप्त बैठक सुचवली, नेहरूंनी नकार दिला. खुल्या सभागृहात सरकारची सालटी निघाली. कृष्ण मेनन, ज्यांच्याकडे आधी संरक्षण होतं, अधिवेशनाच्या आदल्याच दिवशी मंत्रिमंडळातून गेले होते आणि २१ नोव्हेंबरला आपल्या देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांनी संरक्षण खातं हातात घेतलं. नेहरूंच्या तोंडून त्याआधी, १२ ऑक्टोबरला, विमानतळावर जे निघालं होतं ते टीका नव्हतंच: आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत, तारीख सैन्य ठरवेल. पेपरांनी त्याचं "चिन्यांना हाकला" केलं. त्या वेळी ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठावर आपल्या जवानांकडे थंडीचे कपडे अपुरे होते. जाहीर बोललेला शब्द मागे घेणं अवघड होऊन बसलं, आणि २० ऑक्टोबरला हल्ला आला.

यशवंतरावांनी पुढे २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, पराभवाच्या लष्करी चौकशीचं निवेदन केलं. प्रशिक्षण, साहित्य, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता, अधिकाऱ्यांचा प्रभाव, सगळ्यांतले दोष सांगितले. सैन्याला सरकारने नीट धोरण द्यावं लागतं आणि ते सैन्याच्या ताकदीला धरून असावं लागतं, हेही सांगितलं. त्या चौकशीचा मूळ हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल मात्र सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला तेवढाच. यशवंतरावांबद्दल आदर ठेवूनही मला हे पटत नाही. लढाईत झाकणं समजू शकते, साठ वर्षं झाकणं नाही. कारगिलनंतर २९ जुलै १९९९ ला समिती नेमली गेली आणि संवेदनशील भाग गाळून फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेपुढे आला. तो रस्ता बरा.

साहेबांना नमुना हवा असेल तर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या सिनेटर ट्रूमन यांचा दे. मार्च १९४१ मध्ये, अवघ्या १५,००० डॉलरांच्या तरतुदीवर, युद्धखर्च तपासणारी त्यांची सिनेटची समिती सुरू झाली. त्यांनी आधी अमेरिकन यादवी युद्धातल्या अशाच समितीचे कागद वाचले. ती समिती सेनापतींच्या डावपेचांत नाक खुपसायची, आणि तिचा उपयोग शत्रूलाच जास्त झाला असं ट्रूमन यांचं मत पडलं. म्हणून त्यांनी ठरवलं, डावपेचांना हात लावायचा नाही. कंत्राटं, दर, माल, कारखाने एवढंच. विमानांची सदोष इंजिनं पास करून पाठवली जात होती, ते त्यांनी युद्ध चालू असतानाच उघड केलं. पण १९४३ मध्ये युद्धमंत्री स्टिमसन यांनी एका प्रकल्पाबद्दल विचारू नका म्हटलं, तेव्हा थांबले. तो अणुबाँबचा होता.

आता कामाचं. बुटांचा विषय सोडू नकोस, मांडणी बदल. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आलेला कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल काढून बघ. अति उंचावरच्या जवानांना नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात नवे बूट मिळाले नाहीत, जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले, हे त्यात आहे, आणि बटालियनचं नाव नाही. बरोबर उलट उदाहरण २०१७ चं: डोकलाममध्ये सैन्य समोरासमोर असताना, जुलैत, १५२ पैकी ६१ प्रकारचा दारूगोळा दहा दिवसांहून जास्त पुरणार नाही असा कॅगचाच अहवाल सभागृहात आला. माहिती आदल्या सप्टेंबरची, म्हणजे शिळी. तरी दिवसांचा आकडा उघड करायला नको होता असं मला वाटतं. तुला वेगळं वाटेल, त्यावर भांडू.

तर परिच्छेद असा लिही: "थंडीच्या साहित्याचा करार कोणत्या महिन्यात झाला? माल कधी पोचायचा होता? पोचला का? नसेल तर पुरवठादाराला दंड किती झाला, आणि फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस होती? मंत्र्यांनी सभागृहात सांगावं. आकडे उघड करणं धोक्याचं असेल तर बंद दाराआड संसदेच्या स्थायी समितीला सांगावं." यात शत्रूच्या हाती काही लागत नाही आणि मंत्र्यांना पळवाट राहत नाही.

सभेच्या आधी तेच प्रश्न मंत्र्यांना पत्राने पाठव, पोच घेऊन ठेव. अधिवेशन लागलं की तारांकित प्रश्न टाक, म्हणजे मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागेल. १५ पूर्ण दिवसांची नोटीस लागते आणि गुप्त स्वरूपाची माहिती मागितली तर प्रश्न बादच होतो, म्हणून शब्द करार आणि तारखांपुरते ठेव. अनुदानाच्या मागण्यांवर १०० रुपयांची कपात सूचना तयार ठेव, ती एखाद्या ठरावीक तक्रारीसाठीच असते. मात्र संरक्षणाच्या मागण्या पुष्कळदा गिलोटिनखाली, म्हणजे वेळ संपला की सगळ्या एकदम मताला टाकून, चर्चेविना मंजूर होतात, तेव्हा तिच्यावरच विसंबू नकोस. लोकसभेच्या नियम २४८ प्रमाणे गुप्त बैठकीचीही सोय आहे, पण ती सभागृह नेत्याच्या विनंतीवरून होते, विरोधकांच्या नाही.

आणखी एक. माजी सैनिकांना स्टेजवर साहेबांच्या मागे उभं करायचा बेत दिसतोय. नको. त्यांना पुढच्या रांगेतच बसू दे, तिथून ऐकू दे.

सुधारलेला मसुदा बुधवारपर्यंत पाठव. चौथ्या परिच्छेदात मंत्र्यांचं खातं चुकलंय, तेही बघ.

तुझी,
आई